एका सुराचं वासरू

मु. कोसमटोला, मार्गे वडसा
मंडईच्या आधीचा पंधरवडा

ज्यांनी वर्षानुवर्षं पेटी उचलली आणि ज्यांना त्या पेटीला बोट लावायचा हक्क कधीच मिळाला नाही, अशा अखिल झाडीपट्टी पेटी-उचल वर्गाचे बल्लारपूर येथील प्रतिनिधी, माझे मामेभाऊ चि. निकेश यांस, त्याच वर्गाचे कोसमटोला येथील प्रतिनिधी श्रावणदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. मामींना नमस्कार सांग, आणि त्यांच्या गुडघ्यांना वेगळा सांग, कारण मागच्या खेपेला त्यांनी माझ्याशी जास्त गप्पा मारल्या होत्या. तुझी कारखान्यातली पाळी आता दिवसाची झाली असं कळलं, आनंद वाटला. सुटीच्या दिवशी तू लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वायरी जोडायला जातोस हेही कळलं. म्हणजे तू आजही पेट्याच उचलतोस, फक्त आता त्यांना स्पीकर म्हणतात. फोन न करता पत्र लिहितो आहे याचं नवल वाटेल. पण मी बोलायला लागलो की तुझ्याकडचं नेटवर्क जातं. बल्लारपुरात! रेल्वे जंक्शनच्या गावात! आणि इथे वाघाला वाट विचारत घरी यावं लागतं त्या गावात माझ्या मोबाइलवर चार काड्या उभ्या असतात. असो. पत्र मधेच तुटत नाही.

आपल्या वर्गाची तक्रार नव्याने सांगायची गरज नाही, पण मी सांगणार. आपल्या नाट्य मंडळाची पायपेटी गावाच्या वर्गणीची. प्रत्येक घराने सुगीला धान घातलं तेव्हा ती आली. पण राहायची ती सोमाजीभाऊंच्या घरी, कारण 'वाजवणाऱ्याच्या घरी वाद्य' ही आपल्या मंडळाची राज्यघटना. (देशाच्या घटनेत दुरुस्त्या झाल्या, हिच्यात एकही नाही.) दर मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रेत, रात्रीच्या नाटकासाठी ती पेटी त्यांच्या ओसरीतून तू आणि मी उचलायचो. उचलली की तिचा भाता एक लांब सुस्कारा टाकायचा, बाळंतिणीची आई उठताना टाकते तसा. मग बैलबंडीवर चढवायची, मैदानात न्यायची, रंगमंचासमोर ठेवायची आणि मागे सरकून उभं राहायचं. एकदा तू चोरून एक पट्टी दाबलीस. नेमका तो गंधार होता, जो आधीपासूनच फाटलेला होता. सोमाजीभाऊंनी तबल्याची हातोडी तुझ्या बोटावर ठेवली आणि वर म्हणाले, "फाडला ना गा याने सूर!" त्या दिवसापासून गावात तो फाटका गंधार तुझ्या नावावर आहे. सात-बारावर दुसरं काही नसलं तरी एवढी नोंद आहे.

तर ऐक. ती पेटी गेली. दसऱ्याला उघडली तेव्हा आत उधई होती आणि पेटी नव्हती. वरचं झाकण, खालचे पायटे आणि मधे मातीचं सुंदर वारूळ. सोमाजीभाऊ ढसाढसा रडले. मीही गंभीर चेहरा केला. पण खरं सांगतो, निकेश, पेटी त्यांच्या घरातून सोडवायचं जे काम माझ्या पंचवीस वर्षांच्या भाषणांनी झालं नाही ते उधईने एका पावसाळ्यात, एकही टाळी न घेता केलं.

मंडळाची सभा बसली. मंडळ म्हणजे कोण, तर वादक सोमाजीभाऊ. किराणा दुकानवाला लच्छू, जो खजिनदार आहे कारण गावाचा पैसा तसाही त्याच्याकडेच जातो. इसरू, ज्याच्याइतकी बैलाची पारख शंकरपटाच्या शर्यती होतात त्या अख्ख्या पट्ट्यात कोणाला नाही आणि ज्याला त्यामुळे प्रत्येक खरेदीला नेतात, मग ती मोटर असो की नवरदेव. आणि मी, ज्याच्याकडे प्रास्ताविक, आभारप्रदर्शन आणि त्या दोहोंच्या मधलं सर्व असतं. शिवाय माझी आचल. पोरगी ब्रह्मपुरीला कॉलेजात जाते, आणि मोबाइलवरच्या कुठल्याशा खेळण्यात बोटं फिरवून पाखरापासून पंपापर्यंत वाटेल तो आवाज काढते. तिला मी समितीत निमंत्रित म्हणून घेतलं. (निमंत्रिताला खुर्ची मिळते, पाळी मिळत नाही. ही पद्धत मी मोठमोठ्या साहित्य संमेलनांत पाहिलेली आहे.) मंडईच्या नाटकात वाद्यावर आपण बसायचं, एवढी एकच इच्छा तिने दोन वर्षांपासून धरली आहे. आजवर आपल्या गावात रंगमंचापुढच्या त्या जागेवर बाई बसलेली नाही. रंगमंचावर बाहेरगावची बाई नाचलेली चालते, गावची पोरगी वाजवायला बसलेली चालत नाही. यालाच आपण परंपरा म्हणतो आणि तिला फेटा बांधतो.

सोमाजीभाऊंचं म्हणणं, कॅसिओ घ्या. (आपल्याकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कोणतीही वस्तू कॅसिओच असते.) मोठा, दिव्यांचा, दोनशे ताल आतच भरलेला, बटण दाबलं की ढोलकी सुरू. तेव्हा आचल म्हणाली, "कीबोर्डात दुसऱ्यानं भरलेले आवाज असते, बाबा. सिंथेसायझर वेगळा. त्याच्यात आवाज आपल्याले घडवा लागते. बटणं फिरवून. मातीच्या गोळ्यासारखा." एवढंच बोलली. आणि मी ते वाक्य तिच्या हातातून घेतलं. मी म्हणालो, मंडळींनो, आयता ताल म्हणजे आयतं मत! एकदा बटण दाबायचं आणि मग जे वाजेल ते मुकाट ऐकायचं, हे आपण दर पाच वर्षांनी करतोच. संगीतात तरी करू नका! ज्या मुलखाने स्वतःचं नाटक उभं केलं त्याने आवाज उसना आणायचा? आणखी पुष्कळ बोललो. ग्रीसपासून सुरुवात केली होती आणि वैनगंगेपर्यंत आलो होतो, तेवढ्यात सोमाजीभाऊ म्हणाले, "श्रावण, तुया भाषणात टाळ्या हाय, ताल नाई. मायी बोटं दुखते. मले बटनवाला पायजे." इसरूने विचारलं, "वजन किती राह्यते त्याचं?" लच्छूने विचारलं, "उधारीवर भेटन का?" आणि सर्वानुमते ठरलं की जाऊन पाहू.

आता थोड्या पैशांत पहिला सिंथेसायझर निवडणं म्हणजे काय, ते तुला सांगतो, कारण या विषयावर जगात सल्ला फुकट आणि वस्तू महाग आहे. यूट्यूबवर एक दाढीवाला पोरगा रोज 'स्वस्तातले पाच' सांगतो. त्याच्या मागे भिंतीवर महागातले पंधरा टांगलेले असतात. आपलं सारं भांडवल म्हणजे घराघरातून आलेलं धान विकून जमलेले पंचवीस हजार. त्यात नवा मोठा बसत नाही, नवा छोटा बसतो आणि जुना मोठा बसतो. जुन्यासाठी पुण्याच्या एका गृहस्थांची जाहिरात आचलने शोधली. 'वापरलेला, पण जिवापाड जपलेला.' मी फोन केला. त्यांनी आमचीच मुलाखत घेतली. वाद्य कोण हाताळणार, त्यांचं शिक्षण काय, हवेत दमटपणा किती, तुमच्याकडे वातानुकूलित खोली आहे का. मी म्हटलं, आमच्याकडे खोली नाही, वातावरण आहे. ते म्हणाले, "विचार करून कळवतो." विकणारा विचार करून कळवतो! अजून कळवतच आहेत. बहुधा पत्रिका जुळली नसावी.

म्हणून मागच्या आठवड्यात आम्ही पाचही जण वडशाहून गाडीत बसलो आणि चंद्रपूरच्या चांदाफोर्ट स्टेशनवर उतरलो. इसरूने नवा दुपट्टा घेतला होता. मला वाटलं, शहरात जायचं म्हणून. चंद्रपुरातलं वाद्यांचं दुकान चांगलं होतं, गार होतं, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण विक्रेता होता. त्याने अदबीने विचारलं, कोणत्या प्रकारच्या संगीतासाठी हवंय? लच्छू म्हणाला, "रडाच्या शीनसाठी. अन् तीन खुनाच्या." (यंदाचं नाटक सामाजिक आहे.)

त्याने आधी सोमाजीभाऊंच्या मनातला मोठा कीबोर्ड काढला. दिवे लागले, ढोलकी वाजली, सोमाजीभाऊंचे डोळे भरून आले. पण इसरू पुढे झाला. त्याने कीबोर्डाभोवती एक फेरी मारली, पाठीवरून हात फिरवला, मागचं भोक पाहिलं, आणि पट्ट्या मोजल्या. दात मोजतात तशा, अंगठ्याने एकेक दाबून. मोजून झाल्यावर म्हणाला, "एकसष्ट. जुनाट हाय हे जनावर. इतके दात आले म्हणजे याले आता काई शिकवता येत नाई. जे शिकलं तेच करत राहीन." मग आचलने दाखवलेला छोटा सिंथेसायझर पुढे आला, हातभर लांबीचा, वर गोल फिरवायची बटणंच बटणं. इसरूने दात मोजले. "पंचवीस. गोऱ्हा हाय. जसा वळवान तसा वळन." निकेश, आयता ताल आणि घडवलेला आवाज यांतला फरक मी तासभर ग्रीसवरून सांगत होतो, तो या माणसाने बैलाच्या जबड्यातून सांगितला, आणि कशाचीही कल्पना नसताना सांगितला. पुढे त्याने वासरू उताणं केलं, पोटाशी एक झाकण होतं ते उघडून आत बोट घातलं, आणि विक्रेत्याकडे रागाने पाहिलं. "पोट रिकामं हाय याचं. उपाशी ठेवलं तुमी." विक्रेता म्हणाला, "ते ऑप्शनल असतं, काका." "खाणं ऑप्शनल?" इसरू म्हणाला. "कोन्या गावचा तू?"

यानंतर सोमाजीभाऊंनी परीक्षा घेतली. तीन बोटांनी तीन पट्ट्या एकदम दाबल्या. आवाज एकच आला. पुन्हा दाबल्या. एकच. "बिघडेल हाय," सोमाजीभाऊ गरजले. विक्रेत्याने समजावलं की बिघडलेला नाही, या किमतीत हा असाच येतो, एका वेळी एकच सूर. लच्छूने खिशावर हात ठेवला. आम्ही अख्ख्या गावचं धान विकून एका सुराला आलो होतो! आता इथे कोणी तरी बोलणं आवश्यक होतं, आणि बोलणं आवश्यक असतं तिथे मी असतो. मी काउंटरला पाठ लावून उभा राहिलो आणि म्हणालो, एका वेळी एकच सूर, ही उणीव नाही, ही लोकशाहीची पहिली अट आहे! एकाने बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं! (हे मी चाळीस मिनिटं सांगत होतो, आणि बाकीचे ऐकत होते.) गिऱ्हाइकं जमली. गिटारच्या तारा घ्यायला आलेला एक पोरगा तारा न घेताच, पण विचारांनी श्रीमंत होऊन गेला. तू असतास तर तुझं नेटवर्क गेलं असतं.

माझं भाषण चालू असताना मागे सौदा चालू होता. इसरूने नव्या दुपट्ट्याखाली विक्रेत्याचा हात धरला आणि बैलबाजारातल्या रीतीप्रमाणे बोटं दाबून भाव सांगायला सुरुवात केली. त्या पोराचा चेहरा मला दिसत होता. त्याला प्रशिक्षणात हे शिकवलेलं नसावं. तो सारखा म्हणत होता, "काका, स्कॅनर आहे, काका, स्कॅनर आहे," आणि इसरू एकेक बोट सोडून भाव उतरवत होता. शेवटी भाव छापला होता तोच राहिला, पण हात सुटावा म्हणून पोराने वर एक कव्हर फुकट दिलं. इसरू आजही गावात सांगतो की त्याने झूल काढून घेतली.

आणि मग ते घडलं, ज्यासाठी हे पत्र आहे. तुला रीत माहीत आहे. जनावर विकलं तरी त्याचं दावं विकत नाहीत. दावं जुन्या धन्याकडेच राहतं, नाहीतर गोठ्याची बरकत जाते. घेणाऱ्याने आपलं दावं घरून आणायचं. वासराला एक काळी वायर होती आणि तिच्या टोकाला विटेएवढा ठोकळा, तोच जो भिंतीत खोचला की यंत्रात वीज येते. इसरूने ती वायर नीट गुंडाळली, कपाळाला लावली आणि दोन्ही हातांनी विक्रेत्याच्या ओंजळीत ठेवली. "धन्या, दावं तुया घरचं. कोणाले देऊ नोको. गोठा भरेल राह्यला पायजे." पोरगा गहिवरला. त्याने वाकून नमस्कार केला. एवढ्या मानाने त्याला कोणी निरोप दिला नसावा. मागून आचल काहीतरी म्हणत होती, पण मी समारोपावर आलो होतो.

घरी वासराला ओवाळलं. तुझ्या वहिनीने, कांताने, हळदीकुंकू लावलं, लच्छूने नारळ फोडला (मंडळाच्या खर्चातून). बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. इसरू म्हणाला, "नवीन जनावर पहिल्या दिवशी वैरण खात नाई." दुसऱ्या दिवशीही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात फोन केला, तर तो पोरगा म्हणाला, अॅडॅप्टर आमच्याच ड्रॉवरमध्ये आहे, सर. पण कुरियरने कसा पाठवू, तुमच्या काकांनी कोणालाही द्यायचं नाही म्हणून बजावलंय. घे! आयुष्यात पहिल्यांदा एका दुकानदाराने गिऱ्हाइकाचं ऐकलं, ते हे!

सभा पुन्हा बसली. दावं परत आणायला इसरू मेला तरी जाणार नाही, त्याच्या गोठ्यात गाय गाभण आहे. लच्छू म्हणाला, भाड्याची तरतूद नाही. सोमाजीभाऊ मिश्या पुसत म्हणाले, "मेलं तं मेलं. वडशावरून बटनवाला भाड्यानं आणू, मी बसतो त्याच्यावर. अन् तुयं वासरू जित्तं झालंच, तं घटनेपरमाणे माया घरी बांधजो." सुगंधाबाई, म्हणजे सोमाजीभाऊंच्या घरच्या, चहाचे कप घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, बाई, तुम्हीच सांगा, एका वेळी एक सूर वाईट आहे का? त्या म्हणाल्या, "बराच हाय म्हणा. तुमच्या कमिटीत तं एका टायमाले चारही जण बोलते अन् सूर एकाचाबी नाई." बाई कप घेऊन गेल्या. सभा बरखास्त झाली.

तेव्हापासून वासरू आमच्या घरी आहे. जिवंत असतं तर ओढाताण झाली असती; मेलेलं ठेवून घ्यायला कोणी तयार नव्हतं. पोरीचे हाल मात्र बघवत नाहीत. कॉलेजातून आली की पडवीत बसते, मोबाइलची गाणी ऐकायचे ते बोळे कानात घालते, आणि त्या मुक्या यंत्रावर तासन्‌तास बोटं फिरवते. डोळे मिटलेले. मधेच एखादं बटण इतकंसं फिरवते आणि मान हलवते. कांता म्हणते, "राहू द्या तिले." पण बापाचं काळीज आहे. रिकाम्या पाळण्याला झोका देणाऱ्या बाईकडे बघवत नाही, तसं होतं.

एकूण गावाचीच ग्रहदशा फिरली आहे. आमच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. सोमाजीभाऊंचंही पडलं, ते परवाच्या सभेला दीड तास उशिरा आले आणि आधीच आलो म्हणून भांडले. आणि कहर म्हणजे, शाळेच्या कार्यक्रमात माझा बिनवायरचा माइक 'मंडळींनो' एवढं म्हणून गप्प झाला! मी तसाच बोललो. पण मागच्या रांगा उठून गेल्या, आणि मुख्याध्यापक म्हणाले की यंदाचा कार्यक्रम वेळेत संपला. माझा संशय लच्छूवर आहे. त्याच्या दुकानातले पेन्सिल सेल दोन दिवसही टिकत नाहीत. काळ थांबला, वाणी थांबली, आणि गल्ल्याची खुळखुळ तेवढी चालू आहे. याच विषयावर मी मंडईत बोलणार आहे.

तर मुद्दा हा. तू बल्लारपूरला आहेस. दुकान तुला जवळ. ड्रॉवरमधला तो अॅडॅप्टर घेऊन ये, म्हणजे वासरू बोलेल. मग मी मंडळापुढे उभा राहीन आणि असं भाषण करीन की सोमाजीभाऊ स्वतः उठून पोरीला जागा देतील. हा लढा केवळ आचलचा नाही. ज्यांना बोलायची पाळी कधी आली नाही, त्या सगळ्यांच्या वतीने मी बोलणार आहे. तू फक्त दावं आण.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, ऑर्केस्ट्राला सहानुभूती.

तुझा,
श्रावणदादा

ता. क. आचलने हे पत्र वाचलं. ती म्हणते, इसरूकाकाची काही चूक नाही. अॅडॅप्टर दुकानात राहतोय हे तिने मला काउंटरवर सांगितलं, दुकानाच्या पायरीवर सांगितलं, आणि चांदाफोर्टला गाडी हलायच्या आधीही सांगितलं. मी तिन्ही वेळा हात वर करून "माझं पूर्ण होऊ दे" म्हणालो, असा तिचा आरोप आहे. मला आठवत नाही. कांताला आठवतं, जी तिथे नव्हतीच.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला डिंक मागायला पडवीत गेलो. पोरगी डोळे मिटून बसली होती, आणि वासराच्या पाठीवर एक बारीक लाल दिवा लागला होता. निकेश, तो दिवा जिवंत होता! मी काही बोलायच्या आत तिने एक बोळा काढून माझ्या कानात घातला आणि एक पट्टी दाबली.

आपली पेटी होती. उधईने खाल्लेली ती. आधी तो लांब सुस्कारा, आपण दोघं उचलायचो तेव्हा टाकायची तो. मग भात्याची घरघर. आणि मग तो फाटका गंधार, जो तुझ्या नावावर आहे, जसाच्या तसा, त्याच जागी फाटलेला. एकच सूर. पण दुसरा पाहिजे कशाला? मी खाली बसलो. हे सगळं तिने शून्यातून, बटणं फिरवून घडवलं आहे. एवढी वर्षं दर मंडईला ती आधी सोमाजीभाऊंच्या दारात आणि मग रंगमंचासमोर उभी राहून ऐकत होती आणि आपल्याला वाटत होतं की पोरगी नाटक बघायला आली.

वीज कुठून आली? पोटातून. इसरूने बोट घातलेलं ते झाकण सेलचं आहे, चार लागतात. एक आमच्या घड्याळातला. दोन माझ्या माइकमधले. चौथा सोमाजीभाऊंच्या घड्याळातला, आणि तो सुगंधाबाईंनी स्वतःच्या हाताने काढून दिला. "घे व बाई. घड्याळ पाह्यते कोण आमच्या घरी? त्याईले भूक लागली का वाजले बारा." लच्छूच्या दुकानातून घ्यायची सोय नव्हती, सेल घेतले असते तर संध्याकाळपर्यंत गावाला कळलं असतं. मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "सांगतलं असतं तं तुमी भाषण केलं असतं, बाबा. अन् भाषण झालं असतं तं वासरू जित्तं हाय हे समद्याईले कळलं असतं. अन् मंग ते सोमाजीबाबाच्या गोठ्यात बांधलं असतं."

यावर मी तोंड उघडलं. तिने बोट ओठावर ठेवलं. मी मिटलं. कांता दारात उभी राहून हे बघत होती. तिने देवाला नमस्कार केला.

ता. क. तिसरा, आणि खरा. वर जे मागितलं आहे त्यावर काट मार. अॅडॅप्टर आणू नकोस. त्याचं नावही काढू नकोस. सोमाजीभाऊंचा फोन आला तर दुकानात मिळत नाही म्हणून सांग, आणि त्यांनी जास्त विचारलं तर तुझं ते नेटवर्क घालव. मंडईच्या दिवशी वडशाच्या बटनवाल्याआधी ती त्या जागेवर जाऊन बसेल आणि पहिली पट्टी दाबेल. सोमाजीभाऊंना त्या सुस्काऱ्यावर हातोडी मारता येणार नाही. मी प्रास्ताविक करणार नाही. तशीही माइकला वीज नाही. पेटी उचलायलाही तुझी गरज नाही, ती तिच्या एका काखेत मावते.

पण सेल उतरत आलेत, लाल दिवा मिणमिणतो आहे. म्हणून मंडईच्या आदल्या दिवशी ये, येताना बल्लारपूरहून पेन्सिल सेलचं मोठं पाकीट घे, आणि ते माझ्या हातात नाही, आचलच्या हातात दे.